करून देणे आणि करू देणे

(अभियंता दिनानिमित्त प्राध्यापक, उद्योजक, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१५ सप्टेंबर हा भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. देशभर तो अभियंता दिन म्हणून पाळला जातो. विश्वेश्वरय्यांनी बांधलेली धरणे, खडकवासल्याची स्वयंचलित दारे, म्हैसूर संस्थानातील त्यांचे कर्तृत्व यांचे स्मरण या दिवशी सर्वत्र होते. त्यांच्या चरित्रातील एका छोट्या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. लहान वयात पितृछत्र हरपलेला हा मुलगा शिकवण्या करीत बंगळूरला पदवीपर्यंत पोहोचला आणि पुढे म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यामुळे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकला. १८५४ मध्ये सुरू झालेली ती संस्था म्हणजेच आजचे पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. संस्थानाने त्याला पुण्यापर्यंत पोहोचविले, राहण्या-शिकण्याची सोय लावली. अभ्यास मात्र त्याचा त्याने केला. विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार या उदाहरणापासून सुरू करता येतो.

आज या प्रश्नाला तातडीचे स्वरूप आले आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्प करावा लागतो. तीन वर्षांत जे शिकले, ते वापरून एखादी वस्तू, यंत्र किंवा यंत्रणा स्वतः उभी करावी, ही त्यामागील अपेक्षा. प्रत्यक्षात अनेक शहरांत महाविद्यालयांच्या आसपास अशी दुकाने उघडली आहेत की, जेथे हा प्रकल्प तयार मिळतो. सर्किट जोडलेले असते, अहवाल छापलेला असतो आणि तोंडी परीक्षेत कोणते प्रश्न विचारले जातील व त्यांची उत्तरे काय, याची टिपणेही सोबत असतात. वडील पैसे देतात. साहित्याचा खर्च असेल, असे त्यांना वाटते. परीक्षकही पुष्कळदा सारे ओळखून असतात. पदवी हाती येते, परंतु स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू चालती करण्याचा अनुभव त्या विद्यार्थ्याच्या गाठीस कधीच येत नाही. पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हे उघडे पडते आणि मग तोच तरुण स्वतःविषयी साशंक होतो.

हा झाला उघड गैरप्रकार. त्याहून अवघड असा दुसरा एक प्रकार आहे, कारण त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मामांचा कारखाना असतो. ते भाच्याचा प्रकल्प आपल्या कामगारांकडून झकास करवून घेतात. प्राध्यापक विद्वान असतात; मुले चाचपडत आहेत हे त्यांना पाहवत नाही आणि ते स्वतःच आकडेमोड पुरी करून देतात. प्रायोजक उदार असतो. तो तयार सुटे भाग पाठवून देतो. प्रत्येकाने प्रेमापोटीच मदत केलेली असते. परिणाम मात्र दुकानातून प्रकल्प आणण्यासारखाच होतो. म्हणून प्रश्न मदत करावी की करू नये, असा नाहीच. करून देणे आणि करू देणे यांच्यामधील सीमारेषा कोठे आखायची, हा खरा प्रश्न आहे.

नियमपुस्तिकेतील शहाणपण

ही सीमारेषा ज्यांनी फार विचारपूर्वक आखली, त्यांत विद्यार्थ्यांच्या वाहनस्पर्धांचा उल्लेख प्रथम करावा लागेल. 'बाहा' ही खडबडीत रस्त्यांवर चालणाऱ्या छोट्या गाडीची स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. भारतात ती २००७ पासून एसएई इंडिया या अभियंत्यांच्या संस्थेने रुजविली. मध्य प्रदेशातील पिथमपूर हे अनेक वर्षे तिचे केंद्र राहिले आणि महिंद्र उद्योगसमूह तिचा मुख्य प्रायोजक होता. 'फॉर्म्युला स्टुडंट' ही शर्यतीच्या छोट्या गाडीची स्पर्धा त्याच कुळातली. महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांत आज या गाड्या तयार करणारे विद्यार्थ्यांचे गट आहेत. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल, तर तेथे बहुधा अशीच एखादी गाडी आकार घेत असते.

फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमपुस्तिकेत मार्गदर्शकांविषयी एक फार मार्मिक तरतूद आहे. गाडीची कल्पना, रचना आणि बांधणी विद्यार्थ्यांचीच असली पाहिजे. व्यावसायिक अभियंते व प्राध्यापक यांच्याकडून माहिती जरूर घ्यावी. पण ती माहिती निरनिराळे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाचे गुणदोष या स्वरूपातच मिळाली पाहिजे. निर्णय त्यांनी घ्यायचा नाही आणि आरेखनेही त्यांनी काढून द्यायची नाहीत.

या तरतुदीत मार्गदर्शकाचा सारा धर्म सामावला आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. एखादा गट विचारतो, 'सांगाड्यासाठी कोणती नळी वापरावी?' अनुभवी अभियंत्याला उत्तर ठाऊक असते आणि एका वाक्यात तो ते सांगू शकतो. त्याऐवजी तो म्हणतो, 'जाड भिंतीची नळी घेतलीत तर वेल्डिंग सोपे जाईल, पण वजन वाढेल. पातळ भिंतीची, मोठ्या व्यासाची घेतलीत तर वजन वाचेल. पण वेल्डिंग करताना भोक पडण्याची भीती राहील. तुमच्याकडे वेल्डिंग कोण करणार आहे?' आता मुलांना वजनाचा हिशेब मांडावा लागतो, स्वतःच्या कौशल्याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा लागतो आणि मग निर्णय करावा लागतो. एका वाक्याचे उत्तर त्यांना एक नळी देऊन गेले असते. हा प्रश्न त्यांना विचार करण्याची रीत देऊन जातो.

स्पर्धेच्या वेळी याची परीक्षाही होते. गाडी किती वेगाने धावली, एवढ्यावरच तेथे गुण मिळत नाहीत. उद्योगक्षेत्रातून आलेले परीक्षक गाडीभोवती उभे राहून विचारतात, 'हा भाग येथेच का? हीच मापे का?' गाडी देखणी असली आणि मुलांना 'का' सांगता आले नाही, तर गुण कमी होतात. ज्यांचा निर्णय दुसऱ्याने घेतला, त्यांच्यापाशी त्याचे कारण असत नाही.

एका बाबतीत मात्र मार्गदर्शकाने हात बांधून बसायचे नाही. ब्रेक, उच्च दाबाच्या टाक्या, विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील बॅटऱ्या येथे चूक झाली, तर धडा शिकायला विद्यार्थी सुखरूप उरला पाहिजे. अशा ठिकाणी 'हे चालणार नाही' असे स्पष्टपणे सांगून काम थांबविणे, हे मार्गदर्शकाचे कर्तव्यच आहे. गाडी तीस किलो जड झाली, तर मुलांना चुकू द्यावे. ब्रेक लागत नसेल, तर एक फूटसुद्धा चालवू देऊ नये.

एक किलोचा उपग्रह

वाहनाकडून आता अवकाशाकडे वळू. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात २० उपग्रह अवकाशात नेले. त्यांपैकी एक होता पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'स्वयम्'. दहा सेंटिमीटर बाजूचा घन आणि वजन ९९० ग्रॅम. पृथ्वीवरील एका ठिकाणाहून हौशी रेडिओ केंद्राने पाठविलेला संदेश साठवून ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो तेथे पोहोचवायचा, हे त्याचे काम.

या छोट्याशा ठोकळ्यातील एक रचना समजून घेण्यासारखी आहे. अवकाशात उपग्रह कसाही गडगडत राहिला, तर त्याचा अँटेना पृथ्वीकडे नीट रोखला जात नाही. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाके, विद्युतचुंबके, संवेदक आणि संगणक असतात. एक किलोच्या उपग्रहाच्या इवल्या सौरपट्ट्यांतून मिळणारी वीज इतक्या सरंजामाला पुरवायची, तर मूळ कामाला फारशी उरत नाही. विद्यार्थ्यांनी निराळी वाट धरली. उपग्रहात एक कायमचुंबक बसविला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून वळते, तसा उपग्रहही वळतो. पण सुई जशी स्थिरावण्यापूर्वी थरथरते, तसा उपग्रहही डोलत राहणार. ते डोलणे शमविण्यासाठी विशिष्ट चुंबकीय मिश्रधातूच्या बारीक कांड्या योजल्या. चुंबकीय क्षेत्र बदलले की, या कांड्यांचे चुंबकत्व किंचित मागे रेंगाळते आणि त्या ओढाताणीत डोलण्याची ऊर्जा उष्णता बनून हळूहळू संपते. वीज नाही, फिरणारा भाग नाही, आज्ञावली नाही. मात्र एकदा उपग्रह कक्षेत गेला की, त्यात काहीही बदलता येत नाही. चुंबक किती बलवान हवा, कांड्या किती आणि केवढ्या, हे सारे जमिनीवर, कागदावर आणि प्रयोगशाळेतच अचूक ठरवावे लागते.

येथे इस्रोने जे केले, ते मार्गदर्शक व प्रायोजक या दोघांनीही मनात ठेवावे असे आहे. इस्रोपाशी असा उपग्रह तयार करण्याचे ज्ञान निश्चितच होते. तिच्या अभियंत्यांनी मनात आणले असते, तर फार थोड्या काळात तो उभा राहिला असता. इस्रोने ते केले नाही. तिने तज्ज्ञांसमोर टप्प्याटप्प्याने आढावा घेण्याची पद्धत ठेवली. विद्यार्थ्यांनी आपली रचना मांडायची, तज्ज्ञांनी शंका काढायच्या, विद्यार्थ्यांनी उत्तरे शोधून परत यायचे. प्रक्षेपणाच्या वेळचे हादरे उपग्रह सोसतो की नाही, हे पाहणारी कंपन चाचणी आणि निर्वात कक्षात कडक उष्णता व कडाक्याची थंडी आलटून पालटून देणारी चाचणी यांतून प्रत्येक उपग्रहाला जावेच लागते. या चाचण्यांची साधने कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची. आणि अखेरीस प्रक्षेपकावरील जागा, तीही विनामूल्य. म्हणजे जे विद्यार्थ्यांना मिळविणे अशक्यच होते, ते इस्रोने दिले. जे विद्यार्थी शिकून करू शकत होते, ते त्यांच्यावरच सोपविले.

'स्वयम्'चे काम २००८ मध्ये सुरू झाले आणि उड्डाण २०१६ मध्ये झाले. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. ज्यांनी पहिली रेघ ओढली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी महाविद्यालयातून बाहेर पडले होते. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांच्या 'प्रथम' या दहा किलोच्या उपग्रहाची कथा हीच. २००७ मध्ये प्रारंभ आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ वरून प्रक्षेपण. आजोबांनी आंबा लावावा आणि नातवाने फळे चाखावीत, असाच हा प्रकार.

अशा दीर्घ कामात मार्गदर्शकाची आणखी एक जबाबदारी असते, ती म्हणजे स्मृती जपण्याची. विद्यार्थी बदलतात, प्राध्यापक राहतात. गेल्या तुकडीने अमुक पर्याय का नाकारला, याची नोंद नसेल, तर पुढची तुकडी त्याच गल्लीत पुन्हा शिरते आणि सहा महिने वाया जातात. म्हणून चांगला मार्गदर्शक मुलांना काय केले यापेक्षा 'का केले' हे लिहून ठेवायला लावतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून काम शिकवावे, असा दंडक घालतो. जे बाहेर पडले, त्यांनाही तो तुटू देत नाही. नोकरीतील पहिल्या दोन वर्षांतला माजी विद्यार्थी हा कित्येकदा पन्नाशीच्या तज्ज्ञाहून अधिक उपयोगी मार्गदर्शक ठरतो, कारण आपण कोठे अडखळलो होतो, हे त्याला अजून आठवत असते.

एकट्याला न पेलणारे

प्रत्येक महाविद्यालय सीओईपी किंवा आयआयटी नसते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तरही विद्यार्थ्यांनीच दिलेले आहे. १२ जुलै २०१० रोजी पीएसएलव्ही-सी१५ वरून 'स्टुडसॅट' हा एक किलोहूनही हलका उपग्रह अवकाशात गेला. तो कर्नाटक आणि तत्कालीन आंध्र प्रदेश येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन तयार केला होता. खर्च वाटून घेतला, कामे वाटून घेतली. 'प्रथम'च्या चमूनेही निराळ्या प्रकारे हेच केले. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्या उपग्रहाचे उद्दिष्ट होते. त्याचे संदेश ठिकठिकाणी टिपले जावेत, म्हणून अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना भूकेंद्र उभारण्यास त्यांनी शिकविले. शिकणारे विद्यार्थीच अशा रीतीने दुसऱ्यांचे मार्गदर्शक झाले. जिल्ह्याच्या ठिकाणची तीन महाविद्यालये मिळून एक चांगली चाचणी-प्रयोगशाळा का उभारू शकणार नाहीत?

प्रायोजकाने काय द्यावे

आता प्रायोजकांविषयी. पैसा लागतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु केवळ धनादेश देऊन प्रायोजकाचे काम संपत नाही आणि कित्येकदा धनादेश ही त्याने दिलेली सर्वांत कमी मोलाची वस्तू असते.

अमेरिकेतील 'बाहा'चेच उदाहरण घ्यावे. तेथे अनेक वर्षे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन-उत्पादक कंपनीने स्पर्धक गटांना सुमारे दहा अश्वशक्तीचे एकाच नमुन्याचे इंजिन पुरविले. त्या इंजिनात कोणताही फेरफार करता येत नसे. यातील मर्म असे की, श्रीमंत विद्यापीठाचा गट आणि साध्या महाविद्यालयाचा गट यांच्या हाती समान शक्ती आली. फरक पडायचा तो सांगाडा, गिअर, निलंबन आणि वजन यांविषयीच्या विचाराने. प्रायोजकाने वस्तू दिली. पण अशी दिली की, स्पर्धा थैलीची न राहता बुद्धीची व्हावी.

कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयात १९६३ पासून 'क्लिनिक' नावाची पद्धत चालत आली आहे. वैद्यकीचा विद्यार्थी जसा खऱ्या रुग्णापाशी शिकतो, तसा अभियांत्रिकीचा विद्यार्थी खऱ्या प्रश्नापाशी शिकावा, ही त्यामागील कल्पना. उद्योगसंस्था ठरावीक शुल्क भरते आणि आपला एक खराखुरा अडलेला प्रश्न महाविद्यालयाकडे सोपविते. चार-पाच विद्यार्थ्यांचा चमू वर्षभर त्यावर काम करतो. चमूचा प्रमुख विद्यार्थीच असतो, प्राध्यापक सल्लागार असतो आणि उद्योगसंस्था आपल्याकडील एका अभियंत्याची संपर्कासाठी नेमणूक करते. हा अभियंता नियमितपणे चमूशी बोलतो, माहिती पुरवितो, प्रश्न विचारतो. पैशांहून या माणसाचा वेळ अधिक मोलाचा असतो. ज्या प्रकल्पाला पैसा मिळतो आणि माणूस मिळत नाही, तो बहुधा मार्चमध्ये घाईघाईने लिहिलेल्या अहवालात संपतो.

यासाठी काही गोष्टी आरंभीच कागदावर याव्यात. प्रश्न नेमका कोणता आणि त्याची मर्यादा काय, उद्योगाकडून कोण आणि आठवड्यातून किती वेळ देणार, साहित्याचा खर्च कोण व कधी देणार, निष्पन्न होणाऱ्या संशोधनावर हक्क कोणाचा, प्रकल्प अपेक्षेप्रमाणे झाला नाही तर काय, ही त्यांतील प्रमुख. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. प्रायोजकाला यश विकत घ्यायचे असेल, तर त्याने सल्लागार कंपनीकडे जावे. विद्यार्थ्यांकडे यायचे, तर अपयशाचा वाटाही उचलण्याची तयारी हवी. संशोधनाच्या हक्काबाबत तर आता संकोचाचे कारणच नाही; २०२१ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी कमी केले आहे.

कायद्यानेही मोठ्या उद्योगांना वाट दाखविली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावयाची आहे आणि शिक्षणाला चालना देणे हा त्या कार्यांपैकी एक विषय आहे. त्याचबरोबर २०२१ च्या नियमांनी हेही स्पष्ट केले की, विपणनाचा लाभ मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येणार नाही. दान आणि जाहिरात यांच्यात कायद्यानेच रेघ ओढली, हे बरे झाले. गाडीवर कंपनीचे नाव रंगविण्यात गैर काही नाही. पण त्या नावापायी मुलांच्या निर्णयात ढवळाढवळ होता कामा नये.

औंधची जमीन

प्रायोजकत्वाची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रसंस्थेत, यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे बेळगावला लोखंडी नांगर तयार करू लागले. शेतकरी तो घ्यायला धजेनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावातील जागाही सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

बाळासाहेब स्वतः रसिक आणि चित्रकार. नांगराचा फाळ कसा असावा, हे त्यांनी लक्ष्मणरावांना शिकविल्याचे कोठे ऐकिवात नाही. त्यांनी माणूस पारखला, त्याला उभे राहायला जागा दिली आणि वेळ दिला. ज्याच्याकडे बत्तीस एकर नाहीत, त्यानेही यातील शेवटच्या दोन गोष्टी देता येतील का, याचा विचार करावा.

शेजारचा मार्गदर्शक

कारण मार्गदर्शक म्हणजे मोठा शास्त्रज्ञच असला पाहिजे, हा समज दूर झाला पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर दोन नळ्यांचा सांधा फार सुंदर दिसतो. प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये अनुभवी वेल्डर तो पाहतो आणि विचारतो, 'इथे माझा टॉर्च शिरणार कसा?' त्या एका प्रश्नात विद्यार्थ्याला जे कळते, ते पुस्तकातील प्रकरण वाचून कळत नाही. भोसरी, चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असे टर्नर, फिटर, साचे बनविणारे कारागीर आहेत. त्यांच्यापाशी पदवी नसेल, पण तीस वर्षांचे हात आहेत. आपल्या मुलांना त्यांच्यापुढे नम्रतेने उभे राहायला शिकविणे, हाही प्रकल्पातील एक धडाच आहे.

छोट्या उद्योजकाला लाखाची देणगी परवडणार नाही. परंतु मिलिंग यंत्र रविवारी बंद असते. त्यातील चार तास विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील. मात्र यंत्रापाशी जाणता माणूस उभा असावा आणि भाग मुलांनी स्वतः करावा. उरलेल्या पट्ट्या आणि नळ्यांचे तुकडे भंगारात देण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाला विचारता येईल. निवृत्त अभियंत्याला शनिवारचे दोन तास देता येतील. त्याने फक्त एक पथ्य पाळावे. पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात राहू द्यावी.

पालकांना विनंती

अखेरीस पालकांशी दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी रात्री दहापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबते, हाताला ग्रीस लागलेले असते, सहामाही परीक्षेत गुण थोडे घसरतात आणि घरात काळजी सुरू होते. ती काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. प्रकल्पाच्या नादात परीक्षाच बुडविणारे गटही असतात आणि तेथे मार्गदर्शकाने कान धरलाच पाहिजे. परंतु काळजीपोटी 'किती पैसे लागतील ते सांग आणि हे प्रकरण मिटव' असे म्हणणे, हा दुकानाकडे जाणारा पहिला रस्ता आहे, हे लक्षात असावे.

त्याऐवजी जेवताना मुलाला तीन प्रश्न विचारावेत. आज काय बिघडले? ते का बिघडले असे तुला वाटते? उद्या काय करून पाहणार आहेस? हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. ज्या आईने आयुष्यात सोल्डरिंगचे हत्यार पाहिलेले नाही, तिलाही ते विचारता येतील. ज्या मुलाने प्रकल्प विकत आणला आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत. आणि ज्याने तो स्वतः केला आहे, त्याचे उत्तर बहुधा जेवणाचे ताट वाळेपर्यंत संपणार नाही.

पुण्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या उपग्रहाला नाव दिले 'स्वयम्'. त्यामागे आठ वर्षांचे अनेक प्राध्यापक होते, इस्रोसारखी बलाढ्य संस्था होती, चाचणी-कक्ष होते, प्रक्षेपक होता. एवढ्या सगळ्यांचे साहाय्य घेऊनही 'स्वतः' हे नाव त्या ठोकळ्याला शोभले, कारण साहाय्य करणाऱ्यांनी आपली मर्यादा पाळली. येत्या वर्षी आपल्या शेजारच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्पाचा विषय शोधत असतील. कोणाकडे प्रश्न असेल, कोणाकडे यंत्र असेल, कोणाकडे केवळ दोन तास असतील. ज्याच्याकडे जे आहे, ते घेऊन त्याने तेथे जावे, त्या मुलांच्या टेबलापाशी बसावे आणि पहिल्या दिवशी काहीही सांगण्यापूर्वी त्यांना विचारावे, 'तुम्ही काय ठरविले आहे?'